चपात्यांच्या डब्यातला बेडूक

१

डब्यात बेडूक नव्हता. साखरफुटाणे होते.

पद्मजाबाईंनी झाकण लावलं, डोळे मिटले आणि पुन्हा उघडून बघितलं. तरी साखरफुटाणेच. मूठभर असतील, त्यात चार चुरमुरे. सकाळी याच चपात्यांच्या डब्यात त्यांनी मलमलीच्या फडक्यात गुंडाळून तळहाताएवढा काळपट दगड ठेवला होता, आणि त्या दगडावर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या एका बेडकाचा सांगाडा होता. आता दगड नाही आणि फडकंही नाही.

रविवार, दुपारचा एक. बोरिवलीला मंडपेश्वर लेण्यांच्या आवारात सहलीचे चार पाहुणे सावलीला बसून त्यांच्याकडे बघत होते, कारण आजचं मुख्य आकर्षण आता बाहेर निघायचं होतं. सहलीचं नाव 'ज्वालामुखीच्या बेटावर एक दिवस'. नाव वाचून लोक फोन करायचे आणि पासपोर्ट लागेल का विचारायचे. पद्मजाबाई दर वेळी तेच सांगायच्या, की बाबा रे, हे बेट म्हणजे आपली साष्टी. वांद्र्यापासून दहिसर-मुलुंडपर्यंत तू जिच्यावर राहतोस, भाजी आणतोस आणि ट्रॅफिकला शिव्या घालतोस, ती सगळी जमीन लाव्हाची आहे. निम्मे लोक तिथेच फोन ठेवायचे. उरलेल्यांतले चार-पाच ड्रायव्हर धाकूच्या गाडीत बसायचे. आठ वर्षं हे चाललं होतं आणि अलीकडे त्यांना त्याचा अगदी वीट आला होता. गुडघे गेले होते, घसा जायच्या बेतात होता, आणि 'बेसॉल्ट' हा शब्द तोंडातून काढायचासुद्धा कंटाळा यायचा.

म्हणून तर या खेपेला काहीतरी खास दाखवायची हौस आली, आणि वाट लागली.

बेडूक त्यांचा नव्हता. वरळीच्या खडकात कधीकाळी सापडलेला तो नमुना घाटकोपरच्या एका कॉलेजच्या छोट्या संग्रहालयात होता. त्या कॉलेजात पद्मजाबाईंनी बावीस वर्षं भूगोल शिकवला होता. संग्रहालय सांभाळणारी जान्हवी त्यांचीच विद्यार्थिनी, सहा वर्षं हंगामी. उद्या, सोमवारी, समिती येऊन कपाटं तपासणार होती आणि मग जान्हवीला कायम करायचं की घरी बसवायचं ते ठरवणार होती. नमुने बाहेर द्यायची परवानगी नव्हती. पोरगी नको नको म्हणत होती. पद्मजाबाईंनीच गळ घातली, की एका दिवसाचा तर प्रश्न आहे, रविवारी पाचच्या आत आणून देते. बाईंना नाही म्हणायची जान्हवीला सवयच नव्हती. पाचला रखवालदार कुलूप लावायचा. तोवर दगड कपाटात गेला नाही, तर उद्या तिची सहा वर्षं फुकट जाणार होती, आणि ती केवळ आपल्या हौसेपायी, हे पद्मजाबाईंना पुरतं ठाऊक होतं.

हे सगळं पाहुण्यांना सांगायची सोय नव्हती. दगड कुठून आणला ते न सांगताच दाखवायचा त्यांचा बेत होता. चौघांतली गार्गी जीवाश्मांवरच पीएचडी करत होती आणि कॉलेजातल्या बऱ्याच लोकांना ओळखत होती. एक शब्द जरी बाहेर गेला, की जान्हवी संपली. त्यामुळे पद्मजाबाईंनी डबा बंद केला आणि सगळ्यांकडे आळीपाळीनं बघितलं.

"माझ्या डब्यातली एक वस्तू चोरीला गेलीय," त्या म्हणाल्या. "आणि चोर आपल्यातच आहे."

२

आधी त्यांनी स्वतःलाच प्रश्न विचारले. दगड शेवटचा कधी बघितला? सकाळी साडेआठला, अंधेरीला गिल्बर्ट टेकडीच्या पायथ्याशी, धाकूच्या गाडीत. मग पिशवी खांद्याला लावली. चाळीसेक पायऱ्यांनंतर गुडघ्यांनी असहकार पुकारला, तेव्हा हर्षदनं पिशवी घेतली आणि वर नेली. वर गावदेवीच्या देवळापाशी ती कट्ट्यावर पडून होती, चपलांच्या शेजारी. पुजाऱ्यानं प्रत्येकाच्या हातावर मूठभर साखरफुटाणे ठेवले. उतरताना पिशवी गार्गीकडे होती. खाली आल्यापासून मात्र ती पद्मजाबाईंच्या पायाशीच होती. पिशवीत पाण्याच्या बाटल्या, नकाशे, हातोडी असला ऐवज, त्यामुळे वजनावरून काही कळायचा प्रश्न नव्हता.

डब्यात प्रसाद सापडला, म्हणजे दगड गेला तो प्रसाद मिळाल्यानंतर. कट्ट्यावरून, नाहीतर उतरताना. धाकू त्या वेळी खाली गाडीतच होता. राहिले चार.

त्यांनी एकेकाला बाजूला घेतलं. हर्षद मुलुंडचा, पस्तिशीचा, स्फटिक विकायचा. मनःशांतीसाठी जांभळा, लग्न जमायला गुलाबी, असा त्याचा धंदा होता. सकाळपासून त्यानं तीनदा विचारलं होतं, की बाई, असले जुने दगड कुठे मिळतात आणि कितीला जातात. आता मात्र तो एकदम मोजकं बोलायला लागला. प्रसाद घेतलाच नाही म्हणाला, देवळामागे फोनवर होतो. फोन कोणाचा होता ते सांगेना.

गार्गीनं उलटाच पवित्रा घेतला. अंधेरीची पोरगी, सरळ तोंडावर बोलणारी. डब्यात बेडूक होता ना, तिनं विचारलं. वर कट्ट्यावर पद्मजाबाई म्हणाल्या होत्या, की यात लाव्हाखाली गाडला गेलेला एक जीव आहे, दुपारी दाखवीन. तेव्हाच आपण ओळखलं म्हणाली. तो नमुना बघायला मिळावा म्हणून तिनं कॉलेजला दोनदा अर्ज केला होता आणि दोन्ही वेळा नकार आला होता. चोरायचा असता तर आधीच पाठपुरावा केला नसता, असं ती म्हणाली आणि आपली सॅक स्वतःहून उलटी करून दाखवली. प्रसाद? आपण साखर खात नाही, आपला वाटा सहलीतल्या चौथ्या पाहुणीला, अपूर्वाला दिला. अपूर्वानं तो दोघींचा मिळून तिथेच फस्त केला होता, ते पद्मजाबाईंनीही बघितलं होतं.

उरल्या विमलाबाई परब, अपूर्वाच्या आत्या. वाकोल्याला राहायच्या, वय सत्तरीच्या पुढे, नवरा गिरणीत होता तो गेला. भाचीनं त्यांना हौसेनं सहलीला आणलं होतं. त्या दिवसभर कमीच बोलल्या होत्या. वर कट्ट्यावर तेवढी पद्मजाबाईंच्या गुडघ्यांची चौकशी केली होती, आणि घरात असले दगड किती आहेत म्हणून विचारलं होतं. पद्मजाबाईंनी दमलेल्या आवाजात खरं ते सांगितलं होतं, की चाळीस वर्षांत गोळा केलेले दोन कपाटं भरून आहेत, ह्या टेकडीचेसुद्धा. आता प्रश्न विचारल्यावर म्हातारी जमिनीकडे बघत राहिली.

"मी कोणाचा कायव चोरूक नाय, बाई," एवढंच ती म्हणाली.

तेवढ्यात अपूर्वा आली आणि घरच्या पोरांसाठी प्रसाद ठेवलाय ना म्हणून आत्याला विचारू लागली. प्रसाद सरलो, म्हातारी म्हणाली आणि उठली.

हे चाललेलं असताना धाकू धावत आला. तो स्फटिकवाला पोरगा मागच्या बाजूनं निघालाय, त्यानं सांगितलं, रिक्षा थांबवतोय.

३

धाकू कुडाळचा, साठीला टेकलेला, पण हर्षदला त्यानं रिक्षात पाय टाकायच्या आत धरलं. बोरिवलीत काम आहे, मला इथेच सोडा, असं हर्षद म्हणत होता आणि कमरेचा पाऊच पोटाशी घट्ट धरून उभा होता. पद्मजाबाईंनी हात पुढे केला. आयुष्यात कधी कोणाचं सामान तपासलं नव्हतं, आणि आता ह्या वयात हेही करायची पाळी आली, याची त्यांना मनापासून लाज वाटली. पण सव्वा वाजून गेला होता. त्यांनी चेन उघडली.

आत रुमालात गुंडाळलेला एक काळा दगड होता.

रुमाल सोडला तर तो साधा बेसॉल्ट निघाला, ताजा तुटलेला, अंगठ्याएवढा. गिल्बर्ट टेकडीचा तुकडा. देवळामागे हर्षद फोनवर नव्हता. किल्लीनं खडकाची कपची काढत बसला होता. ज्या टेकडीला हात लावायचा नाही म्हणून पद्मजाबाईंनी सकाळी दहा मिनिटं घसा फोडला होता, तिचाच तुकडा. पोरगा रडवेला झाला. पहिल्यांदाच केलं, विकायला नव्हता, स्वतःजवळ ठेवायला हवा होता, असं काय काय सांगत राहिला. पद्मजाबाईंना रागही धड आला नाही. त्या नुसत्या दमल्या. एक चोर सापडला होता आणि तो नेमका नको तो होता.

गाडीत बसल्यावर त्यांनी तो तुकडा समोर ठेवला आणि काय झालं ते सगळ्यांना सांगितलं. अपूर्वा हसली. गार्गीनं हर्षदला दोन शब्द सुनावले. आणि दिवसभर गप्प असलेल्या विमलाबाई ताडकन म्हणाल्या, "देवीच्या डोंगराचो दगड घरात ठेवतत? जेचा तेच्या जाग्यार नेऊन ठेव आधी. भोगूक लागता मगे."

एवढं बोलून त्यांनी चटकन पद्मजाबाईंच्या गुडघ्यांकडे बघितलं आणि मान फिरवली.

पद्मजाबाईंनी पिशवीतून डबा काढला, मांडीवर ठेवला आणि साखरफुटाण्यांकडे बघत बसल्या. मग धाकूला म्हणाल्या, गाडी अंधेरीला घे.

४

इतका वेळ त्या एकच गोष्ट धरून बसल्या होत्या, की दगड गेल्याचं कळू नये म्हणून चोरानं डब्यात काहीतरी भरलं. पण वजन भरायचं तर माणूस दगड भरेल, आणि टेकडीवर दगडांना काय तोटा होता? मूठभर साखरफुटाण्यांनी डबा जड होत नाही. त्यात लपवाछपवीचा काहीच फायदा नव्हता. उलट प्रसाद ठेवून चोरानं आपली वेळ आणि जागा स्वतःच सांगून टाकली होती. एवढा बावळट चोर कोण असेल?

जो चोर नाही तो. ज्याला कुणाचं भांडं रिकामं ठेवणं जमत नाही तो. शेजारणीचा डबा परत करताना त्यात चिमूटभर साखर तरी घालायची, रिकामा द्यायचा नाही, हे पद्मजाबाईंच्या आईनंही त्यांना शिकवलं होतं आणि त्या स्वतः कधीच विसरल्या होत्या. हर्षदनं प्रसाद घेतला नव्हता. गार्गीचा अपूर्वाच्या पोटात गेला होता. घरच्या पोरांसाठी राखायचा प्रसाद एकाच माणसाचा वाटेत सरला होता.

आणि ते माणूस खोटंही बोललं नव्हतं. चोरलं नाही म्हणाली, तिनं चोरलं नव्हतंच.

जोगेश्वरीला सिग्नलला गाडी अडकली. दोन वाजून गेले होते. पद्मजाबाई उठून मागे गेल्या आणि विमलाबाईंच्या शेजारी बसल्या. डबा मधे ठेवला. जे कोणाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं ते त्यांनी सांगायला सुरुवात केली: जान्हवी कोण, तिचे वडील कधी गेले, घर तिच्या पगारावर कसं चालतं, दगड कोणाचा, कशासाठी आणला, पाच वाजता काय होणार. गार्गी ऐकत होती. ऐकू दे. मग त्या म्हणाल्या, "मी सकाळीच हे सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी चोर म्हणाले. चुकलं माझं."

विमलाबाईंचा चेहरा पडला.

"तुमीच म्हटलास, त्यात जीव गाडलेलो आसा," त्या म्हणाल्या. "माका वाटला, देवीचोच. जीव चपातीच्या डब्यात घालून कोण फिरवता काय? तुमच्या घरात दोन कपाटां भरान दगड, आणि तुमचे गुडघे हे असे. म्हटला, एक तरी परत जाऊंदे, उतार पडात. असा कोणासाठी केलेला सांगाचा नसता, गुण जाता. मगे तुमी चोर म्हटलास, आणि माझी जीभच उचलना." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "त्या पोरीचा माका ठावक नव्हता हो."

अपूर्वा आ वासून बघत होती. पद्मजाबाईंनी म्हातारीचा हात हातात घेतला. इतक्या वर्षांत त्यांच्या गुडघ्यांसाठी कोणी काही केलं नव्हतं.

५

पायऱ्या तेवढ्याच होत्या, पण दुपारच्या उन्हात त्या दुप्पट वाटल्या. या खेपेला सगळेच चढले. हर्षद पद्मजाबाईंना आधार देत होता, धाकू विमलाबाईंना. मधेच एकदा पद्मजाबाई पायरीवर बसल्या आणि तुम्ही जा म्हणाल्या, पण दगड कसा धरायचा हे त्यांच्याशिवाय कोणाला ठाऊक होतं? गार्गीला होतं, ते त्यांच्या लक्षात आलं. तरी त्या उठल्या.

देवळाच्या कडेला चाफ्याच्या बुंध्याशी दगड होता. म्हातारीनं तो मलमलीच्या फडक्यावर नीट टेकवून ठेवला होता, कपाळाला लावतात तसं कुंकवाचं बोट लावलं होतं आणि समईतलं थोडं तेल वाहिलं होतं. एवढंच असतं तर चाललं असतं. पण सकाळपासून पाच तास गेले होते. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी दगडासमोर जास्वंदी ठेवल्या होत्या, उदबत्त्या खोचल्या होत्या, आणि एक बाई लेकराला पुढ्यात घालून हात जोडून बसली होती.

तीन वाजायला आले होते. गार्गी उचलायला वाकली तशी विमलाबाईंनी तिला थांबवलं. पुजलेला दगड असा उचलायचा नाही, आधी गाऱ्हाणं घालायला हवं. पद्मजाबाईंचा जीव घड्याळात अडकला होता, पण त्यांनी मान हलवली. म्हातारी अनवाणी पुढे झाली.

"आई गावदेवी, आज ह्या लेकरान अजाणतेपणी जी काय चूक केल्यान ती पोटात घाल. ह्यो दगड जेचो आसा तेका परत जाऊंदे."

"होय म्हाराजा," धाकू मागून म्हणाला.

"एका पोरीच्या पोटापाण्याचो प्रश्न आसा, तो मार्गी लाव गे माय."

"होय म्हाराजा," या वेळी हर्षदही म्हणाला. त्यानं गाडीतून बरोबर घेतलेली आपली कपची खिशातून काढून चाफ्याच्या मुळाशी ठेवली. लेकरू घेऊन बसलेल्या बाईनं आपण होऊन जास्वंदी बाजूला केल्या. गार्गीनं दोन्ही हातांनी दगड उचलला आणि उजेडात धरला. तेल दगडात पार मुरलं होतं. एरवी भिंगातून शोधावी लागायची ती बेडकाची बोटं आता नुसत्या डोळ्यांना एक-एक मोजता येत होती.

"कसला सुंदर दिसतोय," गार्गी म्हणाली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "पण बाई, हे तेल निघणार नाही. उद्या कोणीही बघितलं तरी ओळखेल."

६

घाटकोपरला पोचायला पावणेपाच झाले. पाहुण्यांना गाडीत ठेवून पद्मजाबाई एकट्याच आत गेल्या. जान्हवी दारातच होती. दुपारपासून तिनं काही खाल्लेलं नसावं. तिनं दगड घेतला, फडकं उलगडलं आणि तो तसाच टेबलावर ठेवला. कापूस आणला, स्पिरिट आणलं. कुंकू निघालं. तेल निघालं नाही. बाजूच्या नमुन्यांत हा एकटा ओला असल्यासारखा काळाभोर दिसत होता.

उद्या समितीनं विचारलं तर काय सांगू, ती पुटपुटली. कोणाला दिला होतास म्हणतील. दिलाच नाही म्हणू, तर हा असा कसा झाला?

पाचला सहा मिनिटं होती. रखवालदाराच्या किल्ल्या जिन्यावर वाजत होत्या. पद्मजाबाई टेबलापाशी बसल्या, नोंदवही ओढली आणि लिहायला लागल्या. शनिवारी दुपारी जान्हवी जेवायला गेली असताना मी दाराआडच्या खिळ्यावरची किल्ली घेऊन कपाट उघडलं आणि नमुना तिला न विचारता नेला. तेल माझ्या हलगर्जीपणानं लागलं. आज तिनं तो माझ्याकडून परत मिळवला. खाली सही, तारीख, वेळ.

जान्हवीनं वाचलं आणि वही हिसकावून घ्यायला हात पुढे केला. "बाई, हे खोटं आहे. मीच दिला होता."

"मी मागितला नसता तर दिला असतास का?"

जान्हवीनं पुढे केलेला हात मागे घेतला.

"मग त्यात खोटं कितीसं आहे?" पद्मजाबाई म्हणाल्या. त्यांनी वही मिटली, तिच्या हातात दिली आणि गुडघ्यांवर हात टेकून उठल्या.

सोमवार गेला, मंगळवार गेला. जान्हवीचा फोन आला नाही आणि त्यांनीही केला नाही. बुधवारी धाकूनं येत्या रविवारचं विचारलं, तेव्हा बघू म्हणाल्या. गुरुवारी कॉलेजचं पत्र आलं. आपण संग्रहालयातील नमुना विनापरवानगी बाहेर नेल्याचे आपल्याच लेखी कबुलीवरून स्पष्ट झाले असून यापुढे आपणांस संग्रहालयात प्रवेश दिला जाणार नाही, याची नोंद घ्यावी. बावीस वर्षांचा हिशेब साडेतीन ओळींत संपला होता. पद्मजाबाईंना ते लागलं, चांगलंच लागलं. मग खाली सही कोणाची ते बघायला त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

सही जान्हवीची होती. सहीखाली हुद्दा छापला होता, संग्रहालय सहायक. सहा वर्षं त्याच्या आधी येणारा 'हंगामी' कुठे नव्हता. पद्मजाबाईंनी ती एक ओळ तीनदा वाचली, आणि मग त्या खुर्चीत बसून पोटभर रडल्या.